पंपाला ‘हू’ म्हणायचं नाही

७ जानेवारी, मंगळवार

केमिस्टबाई म्हणाल्या, काका, रोज चार ओळी लिहीत जा, भाषा कुठलीही चालेल, आधी हात वळू दे. इंग्रजीत चार ओळींना मला चार दिवस लागतील, म्हणून मराठीत लिहितोय. वही जुनीच आहे. पहिल्या आठ पानांवर बेअरिंग कधी बदललं त्याच्या तारखा आहेत, त्या राहू देत.

झालंय असं की आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात सुपरवायझरची जागा भरणार आहेत. अकरा वर्षं मी इथला सीनियर ऑपरेटर. अर्ध्या शहराच्या नळाला जे पाणी येतं ते माझ्या तीन पंपांनी ढकललेलं असतं. पण आता लॉगबुक इंग्रजीत लिहायचं, कारण ते दूर कुठेतरी मुख्य कंट्रोल रूममध्ये वाचणार आहेत. जागेसाठी लेखी परीक्षा, तीही इंग्रजीत, बावीस मार्चला. पहिला येईल त्याला जागा. सीनियर ऑपरेटर हे पदच रद्द होतंय, म्हणजे मी हरलो तर माझी रवानगी मीटर-दुरुस्तीत. तिथे एका खोलीत मेलेले मीटर खोक्यांत भरून ठेवलेले असतात आणि दिवसभर थेंबाचाही आवाज नसतो. निवृत्तीला चार वर्षं आहेत. ती मी तिथे काढू शकणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

म्हणून आज प्रयोगशाळेत जाऊन उभा राहिलो. बाई बीकर धूत होत्या. वय असेल तीसच्या आसपास, येऊन दोन वर्षं झाली, कामाला चोख. मी म्हटलं, सुपरवायझरच्या परीक्षेला बसतोय, इंग्रजी शिकवाल का? त्यांच्या हातातला बीकर भरून वाहायला लागला तरी नळ बंद केला नाही, आणि पाण्याच्या खात्यात याच्याइतकं मोठं पाप नाही. मग नळ बंद करून म्हणाल्या, उद्यापासून, जेवणाच्या सुट्टीत.

१० जानेवारी, शुक्रवार

पहिलं वाक्य लिहिलं आणि पहिल्याच वाक्यात आपटलो. लिहायचं होतं, जो पंप जुना आहे तो आवाज करतोय. मी ‘द पंप हू’ असं लिहिलं. बाईंनी विचारलं, हू का? म्हटलं, माणूस ‘जो’, पंपही ‘जो’, आपल्याकडे असा भेदभाव नाही. शिवाय आमचा थोरला पंप तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे, त्याला मान द्यायला नको?

त्या हसल्या नाहीत. तिन्ही पंपांची नावं विचारली. सांगितली: थोरला, मधला आणि जावई. जावई आठवड्यातून दोनदाच चालतो आणि तेवढ्यासाठी त्याची सगळ्यांत जास्त बडदास्त ठेवावी लागते. मग हसल्या. म्हणाल्या, मनात ‘हू’ म्हणा, कागदावर ‘विच’ लिहा, परीक्षकाला कळायचं कारण नाही. चाळीस वर्षांपूर्वी शाळेत असं कोणी सांगितलं असतं तर मी आज साहेब असतो.

१६ जानेवारी, गुरुवार

बाईंची शिकवायची तऱ्हा लिहून ठेवलीच पाहिजे. पुस्तक त्यांनी बाजूलाच ठेवलंय. म्हणाल्या, कंट्रोल रूममधला माणूस आपलं केंद्र जन्मात बघणार नाही. त्याला बोट दाखवता येत नाही. हे जे शब्द आहेत, हू, विच, दॅट, हूज, व्हेअर, ती सगळी बोटं आहेत. कुठला वॉल्व? जो भिंतीजवळ आहे तो. कुठली टाकी? जिचं झाकण गंजलंय ती.

मग मला पंपहाऊसमध्ये पाठवलं आणि आतल्या फोनवर स्वतः कंट्रोल रूम होऊन बसल्या. समोर केंद्राचा नकाशा, हातात पेन्सिल. मी इंग्रजीत सांगायचं आणि त्या अक्षरशः तेवढंच करणार. मी म्हटलं, क्लोज द वॉल्व. पंपहाऊसमध्ये नऊ वॉल्व आहेत. त्यांनी नकाशावर त्यांना वाटला तो बंद केला. मग फोनवर शांतपणे म्हणाल्या, “काका, तुम्ही आत्ता बुडालात.”

आज अर्ध्या तासात चारदा बुडालो.

२४ जानेवारी, शुक्रवार

या आठवड्यात फक्त दोनदा बुडालो. मधला पंप, ज्याचं ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीचं पॅकिंग, गळतंय, तो इंग्रजीत एका दमात सांगितला. ‘हूज’ मला फार आवडला. ‘हू’चा सख्खा भाऊ असून तो निर्जीव वस्तूंनाही चालतो. गळती पंपाची स्वतःची आहे हे इंग्रजांना मान्य आहे म्हणायचं. बाई म्हणाल्या, एवढं मनावर घेऊन कोणी ‘हूज’ शिकताना मी पाहिलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

ऐकलं की जागेसाठी दोनच अर्ज आहेत. एक माझा, दुसरा कोणाचा ते ऑफिसात कोणी बोलत नाही. असेल एखादा चष्मेवाला पदवीधर, ज्याने पंप फक्त चित्रात पाहिलाय. बाईंना विचारलं, तुमच्या कानावर काही आलं का? त्या म्हणाल्या, दुसऱ्याचा विचार करू नका, आज ‘व्हेअर’ करायचाय.

‘व्हेअर’साठी जागांची वर्णनं करायची होती. त्यांनी आवारातलं सुपरवायझरचं क्वार्टर निवडलं. जागेबरोबर ते मिळतं. दोन खोल्या, तळमजला, सध्या रिकामं. तिथले नळ मीच दुरुस्त करतो, म्हणून मला आतून माहिती. बाईंनी खोदून खोदून विचारलं. सकाळी ऊन कुठल्या खोलीत येतं, न्हाणीघराचं दार किती रुंद, उंबरा किती उंच. शेवटचं मला सांगता येईना, तर स्वतः टेप घेऊन गेल्या आणि मोजून आल्या. सहा इंच. एका शब्दासाठी एवढे कष्ट घेणारी शिक्षिका मिळायला भाग्य लागतं.

घरी येऊन हे सगळं हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती, ती थांबली. म्हणाली, त्या राहतात कुठे? म्हटलं, लांब, दोन बस बदलून येतात, वडील असतात सोबत. ही म्हणाली, “तुम्हाला मशीनचं सगळं कळतं.” कौतुक होतं की काय ते कळलं नाही. उद्यापासून माझ्या डब्यात एक वाटी जास्त येणार आहे, बाईंना द्या म्हणून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

स्वल्पविराम. माझ्या डोक्याचा भुगा झाला. बाईंनी असं सांगितलं: तीन पंप असतील आणि त्यातला गळणारा दाखवायचा असेल तर स्वल्पविराम नको. एकच पंप असेल आणि तो गळतोय हे जाताजाता सांगायचं असेल तर हवा. मी विचारलं, म्हणजे मला एकच बायको असल्यामुळे तिच्याबद्दल काही सांगताना स्वल्पविराम लागणार? म्हणाल्या, लागणारच, आणि काकूंना सांगू नका.

त्यांच्याकडे गेल्या सात वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. सगळ्या सोडवलेल्या, त्यांच्या बारीक अक्षरात, समासात वेळ लिहिलेली. बसमध्ये बसून सोडवतात म्हणे. माझ्यासाठी एवढा घाम गाळणारं माणूस दुसरं कोणी नाही. मी माझ्या मुलाचासुद्धा कधी एवढा अभ्यास घेतला नव्हता, हे आज कबूल करतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

‘हूम’ नावाचा एक आहे. कोणी वापरत नाही, पण दिसला तर ओळखता यायला हवा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज सराव परीक्षा झाली. शंभरात अडतीस. हू आणि विचमध्ये चुकलो नाही, पण बाकी सगळीकडे दाणादाण. पंपाच्या बिघाडाचा अहवाल लिहिता लिहिता एका वाक्यात तीन ‘विच’ घातले आणि शेवटी कोण गळतंय ते माझं मलाच कळेना.

मी वही मिटली आणि बाईंना सरळ सांगितलं, उद्या अर्ज मागे घेतो. चौपन्नाव्या वर्षी शोभा नको. मीटर तर मीटर.

खिडकीबाहेर निवळणीची टाकी दिसते, तिच्याकडे बाई बघत बसल्या. मला वाटलं, कंटाळल्या असतील. त्यांच्या जागी मी असतो तर असल्या ठोंब्याचा नाद कधीच सोडला असता, वर सुटलो म्हटलं असतं. मग त्यांनी माझा पेपर ओढून घेतला, त्यातली अकरा बरोबर वाक्यं शोधली आणि प्रत्येकाखाली रेघ मारली. म्हणाल्या, “अर्ज मागे घ्यायचा नाही. मला वचन द्या.”

दिलं. मला खरं म्हणजे रडू येत होतं. एवढा विश्वास माझ्यावर आमच्या वडिलांनीसुद्धा टाकला नव्हता.

५ मार्च, बुधवार

लॅबच्या दाराशी पोचलो तर आत आमच्या केंद्राचे साहेब बाईंना बोलत होते. एवढंच ऐकू आलं, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय, अजून वेळ आहे, बंद करा. बाईंनी काय उत्तर दिलं ते कळलं नाही. बहुतेक जादा कामाबद्दल असणार. त्या रजाही घेत नाहीत आणि जेवणाची सुट्टी माझ्यावर घालवतात. साहेब तसे मनाचे चांगले आहेत. मी बाईंना म्हटलं, माझ्यामुळे बोलणी खाऊ नका. म्हणाल्या, दोन वाक्यं जोडा पाहू, गप्पा पुरे.

११ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

वरच्या अंगाला नदीत गाळ काढायचं काम सुरू झालं आणि कोणी कळवलंच नाही. सकाळी दहाला पाणी आलं ते चहासारखं. बाईंनी सहा बीकर मांडले, प्रत्येकात तुरटी कमीजास्त, आणि डोळे लावून बसल्या, कुठलं आधी निवळतं ते बघायला. इतर वेळी अर्धा तास लागतो. त्यांनी बाराव्या मिनिटाला सांगितलं, चौथा. मी म्हटलं, अजून तर सगळी गढूळच दिसतायत. म्हणाल्या, चौथ्यातले कण एकमेकांना धरायला लागलेत. मी वाकून पाहिलं, मला काही दिसलं नाही. पाच मिनिटांनी चौथं खरोखर निवळलं. असली नजर मी आयुष्यात पाहिली नाही.

तुरटी वाढवली, पण येणारं पाणी कमी करणं भाग होतं, आणि वरचं गेट कंट्रोल रूमच्या हातात. तिथल्या माणसाला आपली भाषा येत नाही. बाईंना बीकर सोडून येता येईना. म्हणाल्या, काका, तुम्ही करा फोन. मी केला. दोन गेटं आहेत. मी सांगितलं, जे जुन्या पुलाच्या बाजूला आहे, ज्याचं चाक लाल आहे, ते अर्ध्यावर आणा. इंग्रजीत, एका दमात. पलीकडचा माणूस फक्त ओके म्हणाला आणि सात मिनिटांत पाणी उतरलं. बरोबर गेट.

दुपारी बाई पंपहाऊसमध्ये आल्या आणि थोरल्याच्या अंगावर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मला हा नुसता घरघरताना ऐकू येतो, तुम्हाला काय ऐकू येतं? मी सांगितलं, पुढचं बेअरिंग महिनाभर चालेल, पुढे नाही. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. म्हणाल्या, हे मला पन्नास वर्षांत यायचं नाही. खूप खूश झालो, पण त्यांचा चेहरा तेवढा खूश नव्हता. दमल्या असतील.

२२ मार्च, शनिवार

परीक्षा मुख्य ऑफिसातल्या बैठकीच्या खोलीत होती. दोनच टेबलं, मध्ये खिडकी. मी अर्धा तास आधी जाऊन बसलो. चष्मेवाला पदवीधर कसा दिसतो ते बघायचं होतं.

बाई आल्या. मला वाटलं, धीर द्यायला आल्या. मी उभा राहिलो, म्हटलं, शनिवारची सुट्टी मोडून कशाला आलात? त्यांनी पिशवी दुसऱ्या टेबलावर ठेवली आणि तिथल्या खुर्चीवर बसल्या. तेव्हाही मला वाटलं, पर्यवेक्षक म्हणून बसवलं असेल. मग परीक्षक आले, एक पेपर माझ्यापुढे ठेवला, एक त्यांच्यापुढे.

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “काका, शेवटचा प्रश्न आधी वाचा. तो पंपाचा असेल.”

तो पंपाचाच होता.

पहिली वीस मिनिटं मी काही लिहिलं नाही. डोक्यात तो भरून वाहणारा बीकर, सोडवलेल्या सात वर्षांच्या प्रश्नपत्रिका, साहेबांचं बोलणं, सगळं एकदम फिरायला लागलं. कोरा पेपर देऊन उठावं असं मनात आलं, दोनदा आलं. पण फेब्रुवारीत अर्ज मागे घेतो म्हणालो तेव्हा त्यांची सुटका होत होती आणि त्यांनी ती घेतली नाही. आज मी उठून गेलो असतो तर त्यांच्या त्या दिवसाची किंमत मी शून्य केली असती. म्हणून लिहिलं. येत होतं ते सगळं लिहिलं. थोरल्याला कागदावर सात वेळा ‘विच’ म्हटलं.

पेपर देऊन वळलो तोवर त्या बस पकडायला गेल्या होत्या. घरी हिला सांगितलं तर हिला आश्चर्य वाटलं नाही. उंबरा मोजला म्हणालात तेव्हाच कळलं, म्हणाली. मी ओरडलो, मग सांगितलं का नाही? ही म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही शिकायला गेला नसता.

उंबऱ्याचा आणि याचा संबंध काय, ते विचारायचं राहिलं. मी आज जेवलो नाही.

१ एप्रिल, मंगळवार

मला एक्काहत्तर. त्यांना अडुसष्ट.

तीन गुण. पंपाच्या प्रश्नात त्यांचे गेले, साहेब म्हणाले.

सगळे हात मिळवायला आले. मी सरळ लॅबमध्ये गेलो. त्या बीकर पुसत होत्या. माझ्या आधी त्याच म्हणाल्या, अभिनंदन, काका. मी विचारलं, का शिकवलंत? माझा आवाज चढला होता, तो मला आवरता आला नाही.

“तुम्ही येऊन विचारलंत म्हणून,” त्या म्हणाल्या. “माझा अर्ज तेव्हा गेलेला होता. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. ते कारण मनातल्या मनात म्हणून बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली. आणि एकदा शिकवायला घेतल्यावर अर्धवट कसं शिकवायचं?”

उद्यापासून दोन दिवस रजेवर आहेत. वडिलांना बरं नाही.

२ एप्रिल, बुधवार

साहेबांनी आज बाईंचा अर्ज दाखवला. कारणाच्या रकान्यात त्यांनी पगार लिहिलेला नाही, बढती लिहिलेली नाही. वडील चाकाच्या खुर्चीत, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चौदा महिन्यांत खाली उतरलेले नाहीत, तळमजल्याचं क्वार्टर मिळावं. उंबरा कशासाठी मोजला ते मला तेव्हा, साहेबांच्या टेबलासमोर उभं असताना कळलं. तीन महिने समोर बसून मी काय बघत होतो कोण जाणे.

माझं घर केंद्रापासून सायकलने दहा मिनिटांवर आहे, स्वतःचं आहे. साहेबांना विचारलं, क्वार्टर मला नको असेल तर? त्यांनी नियम काढला. सुपरवायझरने लेखी दिलं तर गरजू कर्मचाऱ्याला देता येतं, आजवर कोणी दिलेलं नाही, आणि घेणाऱ्याची सही लागते.

अर्ज इंग्रजीत लिहिला. तीन कागद फाडले. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना न दाखवता लिहिलं. कर्मचारी, जिच्या वडिलांना, असं लिहिताना ‘हूज’ घातला. उंबरा काढून टाकायचंही त्यातच लिहिलं.

३ एप्रिल, गुरुवार

अर्ज खिशात घालून बाईंच्या घरी गेलो. तीन मजले. मला दोनदा थांबावं लागलं, आणि मी दोन पायांचा माणूस आहे. दार उघडं होतं. आतून आवाज आला, या, ती औषधं आणायला गेलीय.

खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बाईंचे वडील. मी केंद्रातून आलोय म्हटल्यावर चेहरा उजळला. मग सुरूच झाले. म्हणाले, तिथे पंपावर एक गृहस्थ आहेत, तुम्ही ओळखत असाल. ती त्यांना शिकवते. रोज संध्याकाळी त्यांच्या गोष्टी सांगते, पंपाला जावई म्हणतात म्हणे, आणि कानाने बेअरिंग ओळखतात. परवा आली आणि म्हणाली, बाबा, ते पहिले आले. आम्ही दोघांनी जेवता जेवता टाळ्या वाजवल्या.

मग खुर्ची थोडी पुढे घेऊन म्हणाले, “तिचीही परीक्षा होती. क्वार्टर आहे म्हणे, तळमजल्यावर. तिचा निकाल अजून लागायचाय म्हणाली. तुम्हाला काही कळलं का?”

मला खोटं बोलता आलं असतं. लागेल म्हणून वेळ मारून नेता आली असती.

“निकाल एकच होता,” मी म्हटलं. “जागाही एकच होती. तो पंपावरचा माणूस मीच.”

त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मग खिडकीबाहेर बघितलं. खाली रस्त्यावर पोरं खेळत होती, त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. मला वाटलं, आता जा म्हणतील, आणि म्हणायला हवं होतं.

जिन्यात पावलं वाजली. बाई दारात आल्या, हातात औषधांची पिशवी. मला बघितलं, वडिलांकडे बघितलं, आणि सगळं समजून तशाच उभ्या राहिल्या.

वडील म्हणाले, “अशी उभी काय राहिलीस? तुझा विद्यार्थी आलाय, तीन जिने चढून. त्यांना खुर्ची दे, पाणी दे.”

खुर्ची दिली. पाणी दिलं. मी ते सगळं प्यालो, आणि मग खिशातला कागद काढून बाईंच्या हातात ठेवला.